मागं बघायचं नाही

"चाक काढ, ऐवळे," धनवडे सर गाडीच्या खिडकीतून म्हणाले.

"माझं?"

"मग काय माझ्या गाडीचं काढू?"

पन्हाळ्याचा चढ निम्मा झाला होता. पुढं गेलेल्या पोरी वरच्या वळणावर अजून दिसत होत्या, आणि आत्ताआत्तापर्यंत त्यांच्यात मीपण होते. ऋजुता शिरगुप्पे माझ्या शेजारी एक पाय टेकवून उभी होती. तिच्या पुढच्या चाकातली हवा गेली होती. ती थांबली म्हणून मलाही थांबावं लागलं. आमच्या संघाचा तसा नियमच होता. गाडीतलं जादा चाक सरांनी खाली वाघबिळाजवळ आमच्याच संघातल्या वैजूला देऊन टाकलं होतं. आता उरलं माझं.

मी चाक काढलं. तिच्या सायकलला बसवलं, कळ आवळली, तिच्या पाठीला हात लावून तिला चढावर ढकललंसुद्धा. हे सगळं होईपर्यंत तिनं माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. नजर त्या वळणावर. ती गेली, तिच्या मागं सरांची गाडी गेली, आणि मी पुढचं चाक नसलेली सायकल धरून रस्त्याच्या कडेला उभी राहिले. फिरायला आलेली एक जीप थांबली. आतल्या बाई कणीस खाता खाता म्हणाल्या, "काय गं, चाक चोरीला गेलं काय?"

"होय," मी म्हणाले.

"पोलिसांत दिलंस काय?"

ऋजुता दुसरी आली. गळ्यात हार, कपाळाला गुलाल. मी टेम्पोतून वर पोचले तेव्हा ती माझं चाक हातात घेऊन माझ्याकडंच येत होती. मला वाटलं, आता दोन शब्द बोलेल.

बोलली. "तुझं चाक वाकडं आहे. चढभर ब्रेकला घासत होतं. नाहीतर पहिली आले असते."

मी चाक घेतलं. ती हंगामातली पहिली शर्यत. त्यानंतर शेवटच्या शर्यतीपर्यंत मी त्या पोरीशी एक शब्द बोलले नाही.

गेल्या वर्षी सांगलीत धनवडे सरांचा सत्कार झाला. मी मागच्या खुर्चीत होते. सर माइकवर म्हणाले, "माझ्या संघातल्या पोरी सख्ख्या बहिणींसारख्या होत्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी आले आणि हे लिहायला घेतलं. मला लिहायला कुणी शिकवलेलं नाही. सायकल चालवायलाही नव्हतं शिकवलं. बेडगहून मिरजेच्या शाळेला मी भावाच्या दांडीच्या सायकलवर जायचे आणि एसटीच्या आधी पोचायचे, एवढंच माझं शिक्षण.

ज्यांना ही शर्यत माहीत नाही त्यांना सांगते. रस्त्यावरची सायकल शर्यत एकटीची नसते. जी पुढं असते ती वारा खाते. मागची तिच्या आडोशाला, तिच्या चाकाला चाक लावून बसते आणि निम्मे कष्ट वाचवते. संघात जिंकायचं एकीनं. बाकीच्यांनी तिच्यासाठी वारा खायचा, पाण्याच्या बाटल्या पोचवायच्या, लागलं तर चाक काढून द्यायचं, आणि शेवटी तिला रेषेजवळ ओढत न्यायचं. रेषा दोनेकशे मीटरवर आली की ओढणारीनं कोपर हलवायचं, डावीकडं सरकायचं, पाय सोडून द्यायचे. मागची ताज्या पायांनी उजवीकडून सुटते. फोटो तिचा निघतो. ओढणारी कितवी आली हे तिच्या आईलासुद्धा कुणी सांगत नाही.

आमच्या संघात ओढणारी मी, आणि जिंकणारी ऋजुता. संघ ठिबक सिंचनाच्या एका कंपनीचा होता. जर्सीवर पाठभर पाण्याचा थेंब छापलेला. कंपनी ऋजुताच्या काकांची. आता तुम्हीच काय ते समजा.

सर तिला ऋजुता म्हणायचे. वैजूला वैजू म्हणायचे. मला ऐवळे. मला नाव होतं, हेमलता. ते त्यांनी हंगामात एकदाच घेतलं. कधी, ते सांगते पुढं.

सरांचा दुसरा नियम, मागं बघायचं नाही. "ओढणारीनं मागं बघितलं की सायकल वळवळते, वेग मोडतो, मागच्या सगळ्यांना कळतं की हिला भ्या वाटतंय. तुझं काम पुढं बघायचं. मागचं मी बघतो." तासगाव रोडला सराव चालू असताना मी एकदा मागं बघितलं. त्यांनी गाडी आडवी घातली, सायकल माझ्या खांद्यावर दिली आणि खाली लोखंडी पट्टी असलेल्या शर्यतीच्या बुटांत मला डांबरावरून चालायला लावलं. टक, टक, टक. द्राक्षबागेतल्या बाया काम सोडून बांधावर आल्या. "घोडं चाललंय बघ," एक म्हणाली. ऋजुता गाडीतून बघत होती. ती हसली नाही, हे खरं. पण गाडीची काच वर घेतली.

त्या दिवसानंतर मी मागं बघितलं नाही. मानच तिकडं वळायची बंद झाली.

आता मागं बघायचं नाही आणि आम्ही दोघी बोलत नाही, मग मागची काय म्हणतेय हे पुढचीला कळणार कसं? सरांनी युक्ती काढली. ऋजुताचं मागचं चाक परदेशी होतं. पायडल मारायचं थांबलं की त्याचं फ्रीव्हील करकरायचं, साध्या सायकलीच्या दुप्पट आवाज. सर म्हणाले, "बोलू नका. मेलात तरी माझी हरकत नाही. खूण ठेवा. एकदा कर्र म्हणजे वेग वाढव. दोनदा कर्र म्हणजे हळू घे, मी सुटतीय. आवाज नाही म्हणजे सगळं ठीक, आहे तशी चल."

त्या करकरीवर आम्ही सगळा हंगाम काढला. सातारा, बारामती, नाशिक. सकाळी एका गाडीत बसायचो, एका डब्यातलं खायचो, एका खोलीत झोपायचो, आणि तिच्याकडून मला येणारा शब्द म्हणजे कर्र. बारामतीला ती पहिली आली. नाशिकलाही पहिली. मी नाशिकला रेषेच्या अलीकडं रस्त्याकडेला ओकत होते तेव्हा ती स्टेजवर चांदीची ढाल धरून उभी होती.

मी बोलत नव्हते म्हणजे गप्प होते असं नाही. तिला ऐकू जाईल अशा बेतानं वैजूशी बोलायचे.

"वैजू, काका असावा तर ठिबकवाला."

"गप ना हेमे."

"आपल्या काकानं काय दिलं? काविळीचं औषध."

वैजूला हसू दाबता यायचं नाही. ऋजुता कानात गाणी लावून बसायची. वायर कशालाच जोडलेली नाही, हे मला एकदा दिसलं.

शेवटची शर्यत राज्य स्पर्धेची होती. जानेवारीत, ढालगावच्या माळावर, जिथं पवनचक्क्या आहेत. सरकारनं पवनचक्क्या कुठं उभ्या केल्या असतील हे वेगळं सांगायला नको. वारा तिथं कायमचा राहायला आहे.

त्या वर्षीच्या रेल्वे भरतीत खेळाडूंच्या जागा होत्या. राज्य स्पर्धेत पहिल्या तिघांत नाव पाहिजे. माझं वय पुढच्या वर्षी निघून जाणार होतं. माझी आई सांगलीत हळदीच्या गोडाऊनमध्ये हळकुंडं निवडायची. घरी येऊन पाण्याचा तांब्या उचलला की तांब्यावर पिवळी बोटं उठायची. तिनं मला एकदाच विचारलं होतं, "तू एवढी पळतीस, मग पेपरात दुसरीचंच नाव का असतंय?" मी तिला वाऱ्याचं सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे गोडाऊनसारखंच की."

आदल्या दिवशी दुपारी सगळे संघ कवठे महांकाळच्या एका मंगल कार्यालयात उतरले होते. आम्हाला वधूपक्षाची खोली मिळाली होती. भिंतीवर कुणाच्या तरी लग्नाची कागदी झुंबरं तशीच लोंबत होती. सर मागच्या अंगणात टायरमध्ये हवा भरत होते. मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"सर, उद्या मला मोकळं सोडा."

"कशातनं?"

"ओढायचं काम वैजूला द्या. मी माझी पळते."

सरांनी पंप थांबवला नाही. "वैजूच्या पायात जीव आहे काय माळावर ओढायचा?"

"मग मलाच पुढं जाऊ द्या. ऋजुता माझ्या मागं बसून पहिली येती, मग मी कुणाला न ओढता पहिल्या तिघांत तरी येईनच. रेल्वेचं तुम्हाला माहीत आहे. माझं हे शेवटचं वर्ष."

"ऐवळे, संघ कुणाच्या पैशावर चालतोय?"

"ते रोज जर्सीवर वाचते मी."

"मग. काकांनी सांगितलंय, राज्याचं पदक आलं तर पुढच्या वर्षी संघ. नाही आलं तर कुलूप. मी, तू, वैजू, सगळे घरी. तुझ्या एकटीच्या रेल्वेपायी सगळ्यांच्या पोटावर पाय देऊ?"

"पदक माझं आलं तर चालणार नाही का? तेही संघाचंच."

आता त्यांनी पंप थांबवला. माझ्याकडं बघितलं. आवाज एकदम मऊ केला. "हे बघ हेमलता."

एवढ्यावरच मला कळलं.

"हे बघ, तू ओढ. पुढच्या वर्षी मी स्वतः तुझ्यासाठी शब्द टाकतो."

"पुढच्या वर्षी माझं वय जातंय, आत्ताच सांगितलं."

"वय काय, कागदावर असतं."

मग मात्र माझा तोल गेला. "तिला एकदा तरी एकटीला वाऱ्यात सोडून बघा सर. माझ्या पाठीमागं लपून जिंकती ती. समोर मी नसले तर मैलभर टिकायची नाही. माश्यासुद्धा म्हशीच्या पाठीवर बसून गाव फिरतात, म्हणून काय त्यांना हार घालतात?"

सर माझ्या खांद्यावरून मागं बघत होते. अंगणाच्या दारात ऋजुता उभी होती. हातात तिचं ते मागचं चाक, हवा भरून घ्यायला आणलेलं. सगळं ऐकलेलं तोंडावर दिसत होतं. तिनं चाक सरांच्या पायाशी ठेवलं आणि आत गेली.

"जा आता, पाय वर करून पड," सर म्हणाले. "आणि उद्या कोपर वेळेवर हलव. नाशिकला उशीर केलास."

सकाळी माळावर गारठा होता. सुटल्यावर नागजकडून मोठी फेरी, आणि शेवटी उगवतीकडं तोंड करून सरळ रस्त्यानं ढालगाव. समोरून वारा, समोरून ऊन. पवनचक्क्यांची पाती आमच्याकडं पाठ करून फिरत होती.

घोळका नागजच्या चढावर फुटला. वैजू मागं राहिली. शेवटच्या सरळ रस्त्याला लागलो तेव्हा पुढं आम्ही पाचच जणी उरलो होतो. मी, माझ्या मागं ऋजुता, आणि तिच्या मागं पुण्याच्या दोघी आणि कोल्हापूरची एक. पुण्यातली तांबे शेवटच्या झेपेला अख्ख्या राज्यात भारी. सगळ्या गाड्या पंचांनी लांब मागं अडवून धरल्या होत्या. सर ओरडले असते तरी ऐकू आलं नसतं.

पुढं मीच होते. बाकीच्या कशाला पुढं येतील? फुकटचा आडोसा कोण सोडतं? मी मान खाली घातली आणि ओढायला लागले. त्या दिवशी माझे पाय काय होते, मला शब्दांत सांगता येत नाही. आदल्या दिवसाचा सगळा राग पायात उतरला होता. मी वाट बघत होते ती दोन करकरींची. मनात म्हणत होते, वाजव. वाजव एकदा. हळू घे म्हण. भीक माग. मी घेणार नव्हते हळू. पाहिजे तर गाडीत बसून ये म्हणावं.

आवाज आला नाही.

मी आणखी वाढवलं. शेवटच्या किलोमीटरचा लाल झेंडा गेला. वाऱ्यात डोळ्यांतून पाणी निघून कानापर्यंत जात होतं. मागून काही नाही. आवाज नाही म्हणजे सगळं ठीक, आहे तशी चल. मला तिचं नवल वाटलं, खोटं कशाला सांगू. म्हटलं, बया चिकटलीय घट्ट. आज माशीला पंख फुटले.

मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं लागली. ढालगावचे लोक, शाळेची पोरं, डोक्याला टॉवेल बांधलेले म्हातारे. ओरडत होते. एकजण हात हलवून सारखा म्हणत होता, "मार की पोरी, मार." मला वाटलं ऋजुताला म्हणतोय. माझ्याकडं बघून कुणी कशाला ओरडेल?

चुन्याची खूण आली, दोनेकशे मीटरची. मी कोपर हलवलं. डावीकडं सरकले. पाय सोडून दिले.

ओढून झाल्यावर पाय सोडले की अंगात काय होतं ते त्यांनाच कळेल ज्यांनी ओढलंय. सगळं खाली गळून पडतं. छाती हँडलवर टेकते. आणि मग उजव्या कानाशी झप्पकन वारा येतो, मागची निघून जाते, आणि तुमचं काम संपतं. मी त्या वाऱ्याची वाट बघत होते.

आला नाही.

तो म्हातारा रस्त्यात उतरला होता. "थांबलीस का?" म्हणाला. "अगं ए, थांबलीस का?"

मी उजवीकडं बघितलं. कुणी नाही. मग किती तरी महिन्यांनी मी मान पूर्ण वळवून मागं बघितलं.

मागं रिकामा रस्ता होता. चांगला लांबलचक रिकामा रस्ता. त्याच्या पार टोकाला चौघी, आणि त्यातल्या तिघी आता उभ्या राहून पायडल मारत माझ्याकडं येत होत्या. त्यांना दिसलं होतं मी थांबलेली.

मी पुन्हा पाय मारले. जड गिअर, गेलेला वेग, मेलेले पाय. सायकल चिखलात रुतल्यासारखी हलेना. रेषा दिसत होती. रेषेवरच्या पंचाच्या शर्टाची बटणं दिसत होती. पहिली तांबे गेली. मग कोल्हापूरची. मी दातांनी ओढली असती सायकल. रेषेवर पुण्याची दुसरी माझ्या अंगाला घासून गेली, अर्ध्या चाकानं.

मी चौथी आले.

रेषेच्या पलीकडं मी सायकलसकट खाली बसले. ऋजुता पाचवी आली. घाई न करता आली. उतरली आणि हँडलला टेकून उभी राहिली. श्वास घेताना तिच्या नरड्यातून शिट्टी वाजत होती. तोंडाला फेस सुकलेला. आडोशाला बसून आलेलीचं तोंड असं नसतं.

सरांची गाडी आली. दार उघडं टाकून ते धावत आले ते तिच्याकडं. "हिचं चाक कसं सुटलं तुझ्याकडनं? खूण का केली नाहीस?"

"सुटलं नाही सर. मी सोडलं."

"काय?"

"लाल झेंड्याच्या अलीकडं सोडलं. हिला पुढं जाऊ दिलं आणि त्या तिघींना माझ्या मागं धरून ठेवलं. रस्ता अरुंद होता. बाजूनं आल्या की मी आडवी व्हायचे."

काकांना फोनवर काय सांगायचं हा हिशोब सरांच्या तोंडावर उमटत होता. मग त्यांना मी दिसले. ते माझ्याकडं वळले आणि मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"आणि तू गं ऐवळे? तू बाजूला झालीस. कुणासाठी?"

मी सायकल उचलायला लागले.

"नाही, मला सांग. मागं कुणी नाही. रस्ता मोकळा. रेषा समोर. कुणासाठी झालीस बाजूला?"

"तुम्हीच सांगितलं होतं मागं बघायचं नाही."

"पुढं बघ म्हणून पण सांगितलं होतं की," सर म्हणाले. "पुढं काय दिसत नव्हतं तुला?"

ते पंचांकडं निघून गेले. आम्ही दोघी उरलो. पाण्याचा टँकर उभा होता, त्याच्या नळाखाली मी डोकं धरलं. पाणी गार होतं. ती शेजारी येऊन उभी राहिली.

मी तिच्याशी हंगामातलं पहिलं वाक्य बोलले. "ओरडायचं होतंस."

"ओरडले असते तर त्या तिघी उठल्या असत्या. त्यांना वाटायला पाहिजे होतं की मी तुझ्याच चाकाला आहे आणि दमलेय. गप्प राहूनच फट पडते. तुला माहीत आहे."

"मग काल सांगायचं होतंस. सकाळी सांगायचं होतंस."

"कशी सांगू? तू माझ्याशी बोलत होतीस?"

"तू बोलत होतीस?"

तिनं नळाखाली हात धरले. "तुझ्यावर उपकार केले असं समजू नकोस. तू म्हणालीस मैलभर टिकायची नाही. मला बघायचं होतं. तीन जणी मागं घेऊन, समोर कुणी नाही, सगळा वारा अंगावर. बघितलं. टिकले."

"मग झालं की तुझं काम."

"झालं."

"माझं काय?"

लाउडस्पीकरवर तांबेचं नाव चाललं होतं. "तुला मोकळा रस्ता करून दिला हेमा. बाजूला होशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कोण होतं बाजूला, जिंकत असताना?"

मी तिच्या तोंडावर पाणी उडवलं. ओंजळभर. तिनं पुसलं नाही. एवढं बोलून आमचं बोलणं संपलं.

संघाला त्याच महिन्यात कुलूप लागलं. रेल्वेत तांबे लागली, कोल्हापूरची लागली. मी आता मिरजेत सायकल दुरुस्तीचं दुकान चालवते. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलंय.

परतीला सायकली टपावर बांधल्या. सर गाडी चालवत होते, वैजू त्यांच्या शेजारी झोपलेली. मी मधल्या सीटवर. ऋजुता सगळ्यात मागं, चाकांच्या ढिगात, तिचं ते परदेशी चाक मांडीवर घेऊन, कारण ते टपावर द्यायला ती कधीच तयार नसायची. नागज गेलं. कवठे महांकाळ गेलं. सरांनी रेडिओ लावला आणि बंद केला.

देशिंग फाटा मागं पडल्यावर मागून आवाज आला. कर्र.

मला वाटलं खड्ड्यानं चाक फिरलं असेल.

थोडं थांबून पुन्हा आला, दुसऱ्यांदा. कर्र.

मग गप्प. गाडीचं इंजिन तेवढं ऐकू येत होतं. ती वाट बघत होती हे मला पाठीला कळत होतं, जसं सगळा हंगाम कळत होतं ती मागं आहे ते.

सरांनी आरशात बघितलं. "काय वाजतंय गं मागं?"

"काही नाही सर," ऋजुता म्हणाली.

मी समोरच्या काचेतून रस्ता बघत बसले. मिरज येईपर्यंत मान वळवली नाही.